डाळिंबाचा तांबडा रंग आणि डाळिंबांतील लोह

डाळिंब खाल्ल्यानें रक्त वाढतें, असा समज आपल्याकडे घरोघरीं आहे. तापांतून उठलेल्या मुलास, बाळंतिणीस किंवा चेहऱ्यावर फिकटपणा आलेल्या मुलीस घरांतील वडील मंडळी हटकून डाळिंबाचे दाणे सोलून देतात, आणि कां, असें विचारल्यास उत्तर ठरलेलें असतें, "रस पाहा कसा रक्तासारखा लाल आहे!" या समजुतींत तथ्य किती व आभास किती याचा शोध घेऊं लागलें म्हणजे मनुष्य नकळत एका मोठ्या विद्येच्या दारांत येऊन उभा राहतो. ती विद्या म्हणजे फळझाडांचे नवे वाण निर्माण करण्याची विद्या होय. ऊन व कोरडी हवा मानवणाऱ्या ज्या फळांवर तिचे प्रयोग आपल्या देशांत झाले, त्यांत डाळिंबाचा इतिहास आपणांस सर्वांत जवळचा आहे. कारण त्यांतील बहुतेक प्रकरणें पुणें, राहुरी व सोलापूर या तीन ठिकाणीं घडलीं आहेत.

प्रथम रंगाचा प्रश्न निकालांत काढूं. आपलें रक्त तांबडें दिसतें तें त्यांतील हिमोग्लोबिन नामक द्रव्यामुळें. आणि त्या द्रव्याच्या मध्यभागीं लोहाचा परमाणु असतो. शरीरास लोह कमी पडलें कीं हें द्रव्य पुरेसें तयार होत नाहीं, आणि मनुष्य फिकट, थकलेला, धाप लागणारा असा होतो. वैद्य यास पांडुरोग म्हणत. डाळिंबाच्या रसाचा रंग मात्र अगदीं वेगळ्या द्रव्यांचा आहे. त्यांस अँथोसायनिन असें नांव असून जांभूळ, कोकम, जास्वंद यांच्या रंगाचें मूळहि त्यांतच आहे. हीं द्रव्यें कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचीं बनलेलीं असतात; लोहाचा त्यांत कणहि नसतो. ज्यांस खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनीं शाळेच्या प्रयोगशाळेंत डाळिंबाच्या रसाचे चार थेंब पाण्यांत घालून त्यांत धुण्याच्या सोड्याची चिमूट टाकावी. लाल रंग पाहतां पाहतां मावळून निळसर हिरवा होतो. रसाच्या लालीवरून त्यांत लोह आहे असें अनुमान बांधणें म्हणजे सोनचाफ्याच्या फुलांत सोनें शोधण्यासारखेंच आहे.

कांहीं फळांत रंग खरें बोलतो, हेंहि सांगितलें पाहिजे. आंब्याचा पिंवळा रंग ज्या कॅरोटीनमुळें येतो त्यापासून आपलें शरीर अ जीवनसत्त्व बनवितें. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत दशेरी व नीलम या दोन आंब्यांच्या संकरांतून १९७१ सालीं आम्रपाली हा वाण तयार झाला. त्याचा गर गर्द केशरी आहे, आणि त्या रंगाबरोबर कॅरोटीनहि अधिक आहे. पेरूच्या गुलाबी गराची गोष्ट थोडी फसवी. तेथील गुलाबी रंग लायकोपीनचा, आणि त्यापासून अ जीवनसत्त्व होत नाहीं. तात्पर्य, डोळा हा परीक्षक म्हणून एका फळापुरता चांगला व दुसऱ्या फळापुरता निरुपयोगी ठरूं शकतो. डाळिंबांतील लोहापुढें तर तो आंधळाच आहे, आणि जीभहि त्याच्यापुढें मुकी आहे. या एका गोष्टीनेंच पोषणासाठीं करावयाची निवड ही जुन्या सर्व निवडींहून निराळी व कठीण झाली आहे.

जुन्या काळीं डाळिंबाचे परीक्षक तिघे होते: डोळा, जीभ आणि दांत. त्यांतहि दांताचें महत्त्व विशेष. डाळिंबाच्या दाण्याचा जो रसाळ भाग आपण खातों तें वस्तुतः बीचें बाहेरचें आवरण होय. खरी बी त्याच्या पोटांत असते. लांकडास ज्या द्रव्यामुळें कठीणपणा येतो तेंच द्रव्य त्या बीच्या कवचांत कमीअधिक असतें. तें पुष्कळ असलें कीं बी दांतांखालीं खड्यासारखी लागते, आणि खाणारा रस चोखून चोथा थुंकून देतो. पुण्याजवळच्या आळंदीच्या नांवानें ओळखली जाणारी डाळिंबाची एक जुनी जात अशीच होती. दाणे तांबडे किंवा गर्द गुलाबी, रस भरपूर, पण बी कठीण. लहान मुलें व दांत पडलेले वृद्ध यांस तें फळ जिव्हेस गोड असूनहि मुखास जड जाई.

या आळंदी जातीच्या रोपांमधून पुण्याच्या गणेशखिंड बागेंत डॉ. जी. एस. चीमा यांनीं १९३६ सालीं एक झाड निवडलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. डाळिंबाची बी पेरली असतां आईसारखें झाड येईलच असा नेम नाहीं. फुलावर परक्या झाडाचा पराग येऊन पडतो. शिवाय मूळ झाडहि अनेक पिढ्यांच्या सरमिसळीनें झालेलें असतें. एका फळाच्या शंभर बिया पेरल्या तर शंभर भावंडें थोडथोडीं निराळीं निघतात. त्यांतील बहुतेक आईबापांहून हिणकस असतात, आणि एखादेंच असें निघतें कीं पाहणाऱ्याचें पाऊल तेथें थबकावें. चीमा यांनीं निवडलेल्या झाडाच्या फळांत बी मऊ होती आणि रस गोड होता. तें झाड पुष्कळ वर्षें 'जी. बी. जी. १' अशा रुक्ष क्रमांकानें ओळखलें जात असे. १९७० सालीं त्यास 'गणेश' हें सुटसुटीत नांव मिळालें. तेव्हांपासून आजतागाईत गणेश डाळिंबाची जेवढीं झाडें लागलीं तीं बहुतेक गुटी कलमानें, म्हणजे फांदीची साल काढून, तेथें ओलें शेवाळ बांधून, मुळें फुटल्यावर ती फांदी तोडून लावून केलेलीं आहेत. म्हणून दख्खनच्या माळावर पसरलेल्या सर्व गणेश बागा एका दृष्टीनें एकाच झाडाच्या फांद्या आहेत.

बी मऊ झाली. पण तिच्याबरोबर रंग गेला. गणेशाचे दाणे फिकट गुलाबी, कधीं कधीं पांढुरकेच असतात. दांत संतुष्ट झाले आणि डोळे रुसले, असें म्हणण्यास हरकत नाहीं. निसर्गाच्या घरीं देणेंघेणें असतें तें असें. ज्या एका झाडाची निवड आपण करतों त्याचे सर्वच गुणदोष आपल्या पदरीं पडतात, ज्यांकडे पाहिलें तेहि आणि ज्यांकडे पाहिलें नाहीं तेहि. आळंदीपासून गणेशापर्यंत येतांना लोह, जस्त किंवा जीवनसत्त्वें वाढलीं कीं घटलीं, हें निवड करतांना कोणी मोजलें नव्हतें. वाण निवडण्याच्या त्या काळच्या रीतींत तें बसतच नव्हतें.

बाजारास मात्र रंग हवा होता. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांतील संशोधकांनीं गणेशाचा संकर गुल-ए-शाह या गर्द लाल दाण्यांच्या परदेशी जातीशीं घडवून आणला. संकर हा शब्द आपण सहज उच्चारतों. परंतु त्यामागचें काम किती नाजूक असतें तें थोडें विस्तारानें सांगतों. डाळिंबाच्या झाडावर फुलें दोन प्रमुख तऱ्हांचीं येतात. कांहीं घंटेच्या आकाराचीं असतात, त्यांचा बीजकोश अपुरा राहून तीं गळून जातात. कांहीं कलशाच्या आकाराचीं असतात, तींच पुढें फळ धरतात. संशोधकास कलशाकृति कळी हवी, आणि तीहि उमलण्याच्या आदल्या दिवशींची. तो तिचें जाड लाल कवच धारदार पात्यानें अलगद कापतो, आणि आंतील पुंकेसर चिमट्यानें एकूणएक खुडून टाकतो. ते थोडेथोडके नसतात. एका फुलांत शेंकडों असतात, आणि त्यांतील एक जरी राहिला तरी सारी मेहनत संशयास्पद होते. मग त्या फुलावर कागदाची पिशवी चढवावयाची. दुसऱ्या दिवशीं ज्याला बाप करावयाचें त्या झाडाचा ताजा पराग कुंचल्यानें स्त्रीकेसराच्या टोकावर लावावयाचा, पुन्हां पिशवी बांधावयाची, आणि आईबापांचीं नांवें व तारीख लिहिलेली चिठ्ठी देठास अडकवावयाची. वारा, पाऊस, माकडें व पोपट यांच्या तावडींतून तें फूल वांचलें तर पांच-सहा महिन्यांनीं एक फळ हातीं लागतें. त्यांतील प्रत्येक बी संकराची.

तेवढ्यानें काम संपत नाहीं. ती बी पेरून आलेलें झाड फुलावर येण्यास दोन-तीन वर्षें जातात. ब्रून शहरांतील मठाच्या बागेंत वाटाण्यावर प्रयोग करणाऱ्या मेंडेलनें १८६६ सालीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष येथेंहि लागू पडतो. आईबापांचे वेगवेगळे गुण पहिल्या पिढींत एकत्र कोंडलेले असतात, ते दुसऱ्या पिढींत मोकळे होऊन नाना प्रकारें विखुरतात. म्हणून पहिल्या पिढीच्या झाडांपासून पुन्हां बी धरून दुसरी पिढी वाढवावयाची, आणि त्या गर्दींत गणेशाचा मऊपणा व गुल-ए-शाहचा रंग हे दोन्ही गुण एकाच झाडांत कोठें भेटतात तें शोधावयाचें. राहुरीच्या या खटपटींतून मृदुला, आरक्ता आणि भगवा हे वाण निघाले. त्यांपैकीं भगवा २००३-०४ च्या सुमारास बागाइतदारांच्या हातीं आला, आणि त्यानें गणेशाचें आसन घेतलें. जाड चकचकीत साल, टपोरे लाल दाणे, मऊ बी, व दूरच्या प्रवासांत टिकण्याचा गुण, यांमुळें तो मुंबईच्या बाजारांतून आखातांत व युरोपांतहि पोंचला. कांहीं भागांत त्यालाच शेंदरी म्हणतात.

रंग परत आला तेव्हां त्याच्याबरोबर अँथोसायनिनहि परत आलें. या द्रव्यांची आरोग्याच्या दृष्टीनें हल्लीं फार वाखाणणी होते. परीक्षानळींत तीं अनेक अपायकारक रासायनिक क्रियांना आळा घालतात, हें खरें. परंतु खाल्लेल्या अँथोसायनिनाचा फार थोडा भाग मूळ रूपांत रक्तापर्यंत पोंचतो, हेंहि तितकेंच खरें आहे. तेव्हां जाहिरातींतील मोठमोठ्या वचनांवर विश्वास ठेवण्याची घाई करूं नये. लाल डाळिंब चांगलें आहे. त्यास संजीवनी म्हणण्याचें कारण नाहीं.

एकाच झाडाच्या फांद्यांनीं सारा मुलूख भरून टाकण्यांत जो धोका असतो तो याच सुमारास प्रकट झाला. 'तेल्या' हा रोग जंतूंपासून होतो. पानांवर व फळांवर तेलकट काळे डाग पडतात, पुढें फळ तडकतें आणि विक्रीच्या कामाचें राहत नाहीं. आपल्या देशांत त्याची पहिली नोंद १९५२ सालीं दिल्लीस झाली होती. पण एकविसाव्या शतकाच्या आरंभीं त्यानें सोलापूर, नाशिक, सांगली या जिल्ह्यांतील बागांची जी धूळधाण केली तिची आठवण तेथील शेतकऱ्यांस अजून आहे. सर्व झाडें एकाच रक्ताचीं. एकास जो रोग पेलवला नाहीं तो कोणासच पेलवला नाहीं. सोलापूर येथें राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ सालीं स्थापन झालें तें या संकटाच्या छायेंत. बागेंतल्या लाडावलेल्या जातींत जें नाहीं तें रानांत सांपडतें, हा वनस्पतिशास्त्रज्ञांचा जुना अनुभव आहे. आणि नव्या केंद्राची दृष्टीहि रानटी व शोभेच्या जातींकडे वळली.

अशा दोन जातींचीं नांवें मराठी वाचकास मौजेचीं वाटतील. एक 'दारू' किंवा 'दाडू'. तिचा मद्याशीं कांहीं संबंध नाहीं. हिमालयाच्या उतारांवर, हिमाचल प्रदेश व जम्मू या भागांत आपोआप उगवणाऱ्या रानडाळिंबाचें हें पहाडी नांव आहे. त्याचें फळ लहान, बी कठीण आणि रस इतका आंबट कीं नुसता खाववत नाहीं. दाणे वाळवून त्यांचा अनारदाणा करतात. दुसरी 'नाना'. हें नांव ऐकून एखाद्या पगडीवाल्या वडीलधाऱ्या गृहस्थांची मूर्ति डोळ्यांपुढें येईल. परंतु लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ 'ठेंगणी' एवढाच आहे. हें कुंडींत लावण्याजोगें शोभेचें डाळिंब होय.

सोलापूरच्या केंद्रानें गणेश व नाना यांचा संकर केला, त्या संकरास दारूशीं जोडलें, आणि त्यापासून मिळालेल्या झाडाचा संबंध भगव्याशीं घडवून आणला. या सोयरिकींतील तिसऱ्या पिढींतून जें झाड निवडलें त्यास 'सोलापूर लाल' असें नांव देऊन २०१७ सालीं तो वाण प्रसारित करण्यांत आला. वंशावळ नीट पाहिली तर गणेश दोन्ही बाजूंनीं पूर्वज आहे, म्हणजे आळंदीचा अंशहि दोन्ही बाजूंनीं आलेला आहे. या वाणाचें वैशिष्ट्य असें कीं त्याची शिफारस करतांना रंग, गोडी व उत्पन्न यांबरोबर पोषणद्रव्यांचे आंकडे पुढें ठेवले गेले. त्याच्या १०० ग्रॅम ताज्या दाण्यांत लोह ५·६ ते ६·१ मिलिग्रॅम, जस्त ०·६४ ते ०·६९ मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व १९·४ ते १९·८ मिलिग्रॅम असल्याचें नमूद आहे. गणेशाचे तेच आंकडे लोह २·७ ते ३·२, जस्त ०·५० ते ०·५४, आणि क जीवनसत्त्व १४·२ ते १४·६. उत्पन्न हेक्टरीं २३ ते २७ टन. गंमत अशी कीं ज्या वाणाची थोरवी न दिसणाऱ्या लोहांत सांगितली जाते त्याचें नांवहि अखेर रंगावरूनच पडलें!

आतां हे आंकडे मिळतात कसे? दाणे वाळवून त्यांची राख करतात किंवा तीव्र आम्लांत ते पूर्ण विरघळवितात. तो द्रव बारीक फवाऱ्यानें ज्योतींत सोडतात, आणि ज्योतीच्या आरपार विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश पाठवितात. लोहाचे परमाणु त्या प्रकाशाचा कांहीं भाग शोषून घेतात. प्रकाश किती घटला यावरून लोह किती तें कळतें. पद्धत अत्यंत सूक्ष्म आहे आणि म्हणूनच फसवीहि आहे. फळावरची धूळ, सुरीच्या पात्याचा कण, भांड्याचा गंज, यांतील कांहींहि नमुन्यांत गेलें तर फळाच्या नांवावर मातीचें लोह जमा होतें. दक्ष संशोधक यासाठीं नमुन्यांतील ॲल्युमिनियमहि मोजतात. मातींत तें भरपूर व फळांत अत्यल्प असतें, तेव्हां तें जास्त निघालें कीं नमुन्यांत माती आली असें समजून तो आंकडा बाजूस ठेवतात.

क जीवनसत्त्व मोजण्याची सोपी रीत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस समजण्यासारखी आहे. एका निळ्या रंगद्रव्याचे थेंब रसांत टाकीत जावें. जीवनसत्त्व त्याचा रंग नाहींसा करतें. तें संपलें कीं पुढचा थेंब आम्ल रसांत गुलाबी होऊन राहतो, तेथें थांबावें. लिंबाच्या रसांत ही खूण स्पष्ट दिसते. डाळिंबाचा रस आधींच तांबडा, त्यांत गुलाबी छटा उमटली केव्हां हें ओळखणार कोण? रंग येथेंहि आडवा येतो, आणि अधिक खर्चाच्या रीतींकडे वळावें लागतें.

यापुढची अडचण जमिनीची. एकाच गुटीची दोन झाडें, एक तांबड्या मुरमांत व दुसरें चुनखडीच्या जमिनींत लावलें, तर दोहोंच्या फळांतील लोह सारखें भरेल असें नाहीं. चुनखडीच्या जमिनींत लोह असतें, पण तें बांधलेलें असतें. मुळांस उचलतां येत नाहीं, आणि पानें शिरांपुरतीं हिरवीं राहून बाकी पिंवळीं पडतात. म्हणून वाणाचा खरा गुण कोणता व जमिनीची देणगी कोणती, हें ठरविण्यास अनेक ठिकाणीं, अनेक बहारांत फळें तपासावीं लागतात.

हें सर्व लक्षांत ठेवून वरील आंकड्यांकडे पाहिलें पाहिजे. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या अन्नकोष्टकांत डाळिंबाच्या १०० ग्रॅम दाण्यांत लोह अवघें ०·३ मिलिग्रॅम दिलेलें आहे. गणेशाचा आंकडाच याच्या नऊ-दहा पट आहे, मग सोलापूर लालचें काय सांगावें? जमीन, जात व मोजण्याची रीत यांमुळें आंकडे बदलतात, तरी इतकें अंतर विचार करावयास लावणारें आहे. माझ्या मतें एकाच ठिकाणीं, एकाच रीतीनें, शेजारीं शेजारीं ठेवून केलेली दोन वाणांची तुलना अधिक भरंवशाची मानावी. पण तो स्वतंत्र आंकडा घेऊन त्यावर आहाराचें गणित बसविण्यास घाई करूं नये.

आणि गणित तर करावयासच पाहिजे, कारण प्रश्न लहान नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या दर १०० स्त्रियांपैकीं ५७, आणि ६ महिने ते ५ वर्षें वयाच्या दर १०० मुलांपैकीं ६७ पांडुरोगी आढळलीं. सर्वांचें कारण लोहाची उणीव हेंच नव्हे. जंत, हिंवताप, इतर जीवनसत्त्वांचा अभाव हींहि कारणें आहेत. पण लोहाचा वांटा मोठा आहे. प्रौढ स्त्रीस दिवसास २९ मिलिग्रॅम लोह अन्नांतून मिळावें, असें आपल्या देशांतील आहारशास्त्रज्ञांनीं २०२० सालीं ठरविलें. सोलापूर लालचा छापील आंकडा जसाच्या तसा धरला तरी १०० ग्रॅम दाण्यांतून त्याचा पांचवा हिस्सा मिळतो. अमेरिकन कोष्टकाचें साधें डाळिंब घेतलें तर शंभरावा. उलट, बाजरीकडे पाहा. आपल्याच राज्यांत धुळें येथील संशोधकांनीं हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साहाय्यानें 'धनशक्ति' हा बाजरीचा वाण तयार केला. त्याच्या किलोभर धान्यांत सुमारें ७१ मिलिग्रॅम लोह आहे. म्हणजे २०० ग्रॅम पिठाच्या भाकरींतून १४ मिलिग्रॅम. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव आतां अहिल्यानगर आहे, १२ ते १६ वर्षें वयाच्या शाळकरी मुलामुलींस अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी व शेव कांहीं महिने खाऊं घालण्याचा प्रयोग झाला. साध्या बाजरीवर राहिलेल्या मुलांच्या मानानें त्यांच्या शरीरांतील लोहाचा सांठा सुधारला, असा त्याचा वृत्तान्त २०१५ सालीं प्रसिद्ध झाला आहे. भाकरी रोज खावी लागते, आणि गरिबाच्या घरींहि खाल्ली जाते. डाळिंबाचें तसें नाहीं. उत्तम फळ पेटींत भरून परदेशीं जातें, त्याच्या खालचें शहरांत जातें. आणि सांगोल्याच्या किंवा बागलाणच्या मळ्यांत जी बाई तें तोडते तिच्या मुलाच्या वांट्यास पुष्कळदां तडकलेलें फळ येतें. तडकलेल्या फळांतले दाणे, ते नासलेले वा किडके नसले तर, पेटींतल्या दाण्यांइतकेच पौष्टिक असतात, हें त्यांतल्या त्यांत बरें.

मग फळानें करावें काय? धान्यांतील लोहाचा फार थोडा भाग आंतड्यांतून रक्तांत शिरतो. धान्यांतील कांहीं द्रव्यें व जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यास अडवून धरतात. क जीवनसत्त्व त्याच वेळीं पोटांत असलें तर तें लोहास विरघळलेल्या व शोषण्यास सोप्या रूपांत ठेवतें. फळाचें खरें काम तें हें. भाकरीनें लोह आणावें आणि फळानें त्यास दार उघडून द्यावें. या कामांत डाळिंबाच्या १९ मिलिग्रॅमपुढें पेरूचे २०० मिलिग्रॅम कितीतरी वरचढ आहेत, आणि पेरू परसांतहि येतो. म्हणून डाळिंबांत लोह भरण्याची हांव धरण्यापेक्षां त्यांतील क जीवनसत्त्व वाढविणें, बी मऊ ठेवणें आणि रोगास तोंड देणारा, स्वस्त पडणारा वाण काढणें हें मला अधिक फलदायी दिसतें. तथापि सोलापूरच्या प्रयोगाची किंमत यानें कमी होत नाहीं. दोन वाणांत लोहाचा, जस्ताचा व जीवनसत्त्वाचा फरक असतो, तो संकरानें हलवितां येतो, आणि वाण निवडतांना त्याची मोजदाद करावी, ही गोष्ट त्यानें डाळिंबाच्या बागेंत आणली.

पुढचें काम संथ आहे. डाळिंबाच्या गुणसूत्रांवरील संपूर्ण लिखावट चिनी शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं वाचून प्रसिद्ध केली. रंगासारखा गुण त्या लिखावटींतील मोजक्या स्थळांवर अवलंबून असतो. तीं स्थळें नीट ओळखतां आलीं म्हणजे कोवळ्या रोपाचें एक पान तपासून, फळाची तीन वर्षें वाट न पाहतां, नको तीं रोपें उपटून टाकतां येतात. लोहाचें तसें नाहीं. तें जमिनींतून मुळांनीं उचलावें, रसाबरोबर खोडांतून वर न्यावें, पानांनीं आपला वांटा घेऊन उरलेलें देठांतून फळाकडे सोडावें आणि अखेर तें दाण्यांत सांठावें, अशा अनेक पायऱ्या आहेत, व प्रत्येक पायरीवर वेगवेगळ्या गुणांचा अंमल चालतो. ते सर्व हातीं येईपर्यंत रोप लावणें, फळाची वाट पाहणें, दाणे जाळून राख करणें आणि ती राख ज्योतींत तपासणें, एवढाच मार्ग संशोधकास मोकळा आहे.